अडले ते टाकीपाशी

विजेवरची मोटारसायकल दिसली की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" ओढते कशी, पळते किती, दुरुस्तीला सोपी आहे का, हे सगळे नंतर. हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन यांना 31 डिसेंबर 1895 रोजी विजेवरच्या सायकलीचे पेटंट मिळाले. हाच प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता, तर त्यांचीही पंचाईतच झाली असती.

बोल्टन यांची रचना आजच्या मेकॅनिकलाही ओळखीची वाटेल. मोटर थेट मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बॅटरी सांगाड्याच्या त्रिकोणात टांगलेली आणि मधे गिअर नाहीत. 10 व्होल्टच्या बॅटरीतून 100 अँपिअरपर्यंत प्रवाह घेण्याची सोय होती. आजच्या कितीतरी ई-स्कूटरची मोटर याच जागी बसते. म्हणजे मोटरपुरता प्रश्न तेव्हाच बराचसा सुटलेला होता.

त्याच वेळची पेट्रोलची गाडी कशी होती, तेही पाहण्यासारखे आहे. डाइमलर आणि मायबाख या जर्मन अभियंत्यांनी 1885 मध्ये लाकडी सांगाड्यावर 264 सीसीचे, जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन बसवले, पण तो प्रयोग होता. विक्रीसाठी सलग उत्पादन झालेली पहिली मोटारसायकल म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची, 1894 ची. इंजिन तब्बल 1,489 सीसीचे, ताकद मात्र अडीच अश्वशक्ती. क्लच नव्हताच, इंजिनाचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले. सुरू करायची तर गाडी ढकलत पळायचे आणि इंजिनाने धरले की उडी मारून बसायचे. थांबलात की इंजिनही थांबले. सोयीच्या निकषावर त्या वर्षी कौल द्यायचा असता, तर मी विजेच्या बाजूने दिला असता.

पण टाकीने सगळे उलटे केले. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलो आणि त्यात सुमारे 9 किलोवॉट-तास (वीजबिलातली 9 युनिट) उष्णता. इंजिन त्यातला तीन-चतुर्थांश भाग गरम हवा आणि धूर करून सोडून देते, असे धरले तरी चाकापर्यंत दोन-सव्वादोन किलोवॉट-तास पोहोचतात. तेवढेच काम शिशाच्या बॅटरीकडून करून घ्यायचे, तर तिचे वजन सत्तर किलोच्या पुढे जाते. पाऊण किलोला सत्तर किलो! मोटर कितीही शहाणी असली तरी या हिशेबापुढे तिचे काही चालत नव्हते. आणि दुचाकीवर सत्तर किलो म्हणजे पाठीमागे कायमचा एक माणूस.

पेट्रोलकडेही सुरुवातीला पंप नव्हते, हे आपण विसरतो. बेर्टा बेंझ 1888 मध्ये नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत विसलोख गावात त्यांनी इंधन घेतले ते औषधाच्या दुकानातून. चार्जिंगची सोय नाही म्हणून आज जी तक्रार होते, ती त्या काळी पेट्रोलच्या नावाने करता आली असती. फरक एवढाच की पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होते, त्यामुळे दुकान आधी की गाडी आधी हा तिढा फार काळ टिकला नाही.

"किती जाते" हा प्रश्न पेट्रोलवाल्यांनाही सुटलेला नव्हता. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर 1907 मध्ये पहिली टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकलींची शर्यत झाली, तेव्हा वेगाबरोबर अ‍ॅव्हरेजचीही अट होती : एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला 90 मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने 75 मैल दिलेच पाहिजेत. आपल्या भाषेत लिटरला साधारण 32 आणि 27 किलोमीटर. अ‍ॅव्हरेज विचारण्याची सवय दुचाकीच्या रक्तात आहे ती अशी. पुढे कंपन्यांनी टाकीखालच्या तोटीला 'रिझर्व्ह'ची जागा दिली. गाडी आचके देऊ लागली की वाकून तोटी फिरवायची. पल्ल्याच्या काळजीवर इतका स्वस्त उतारा विजेच्या गाडीला अजून सापडलेला नाही.

क्लच, गिअरपेटी, किक, मग बटण, अशी एकेक सोय पेट्रोलच्या गाडीने पन्नास-साठ वर्षांत कमावली. होंडाची सुपर कब 1958 मध्ये आली : 50 सीसीच्या आतले फोर-स्ट्रोक इंजिन, हाताने दाबावा लागणारा क्लच नाही, पाय न उचलता बसता येईल असा सांगाडा. या मालिकेच्या गाड्यांचे उत्पादन 2017 मध्ये दहा कोटींवर गेले. दुचाकी 'वापरायला सोपी' म्हणजे काय, याची व्याख्याच त्या गाडीने केली, आणि विजेच्या गाडीला आज तोलले जाते ते याच मापाने.

मधल्या काळात विजेची आठवण व्हायची ती पेट्रोल आटले की. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त युरोपात पेट्रोल मिळेनासे झाले आणि बेल्जियमच्या सोकोव्हेलने विजेवरची छोटी दुचाकी काढली. 1973 च्या तेलसंकटानंतरच्या वर्षी, 1974 मध्ये, माइक कॉर्बिन यांच्या विजेवरच्या गाडीने अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी 266 किलोमीटरचा विक्रम केला. वेगाची शंका तिथेच मिटायला हवी होती. 1996 ची प्यूजोची स्कूट-एलेक निकेल-कॅडमियम बॅटरीवर चाळीसेक किलोमीटर जायची. तेल पुन्हा स्वस्त झाले की या गाड्या मागे पडत.

चीनमध्ये मात्र वेगळेच घडले. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या मोठ्या शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर बंधने घातली आणि लोक मुकाट्याने विजेच्या हलक्या दुचाकींकडे वळले. बॅटरी तीच, शिशाची, बोल्टन यांच्या काळातल्या जातीची. 1999 च्या मानकानुसार वेगमर्यादा ताशी 20 किलोमीटर. पण रोजचा रस्ता ठरलेला आणि बॅटरी काढून घरात चार्ज करता येणारी, त्यामुळे तेवढ्यावर कोट्यवधींचे भागले. बॅटरी सुधारण्याआधीच गाडी व्यवहार्य ठरली, कारण गरजच लहान करून टाकली होती.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने 1991 मध्ये बाजारात आणली, ती कॅमेऱ्यासारख्या वस्तूंसाठी. दुचाकीत यायला आणखी दीड दशक गेले. विजेच्या मोटारसायकली बनवणारी कॅलिफोर्नियातील झीरो कंपनी 2006 ची. 2009 मध्ये आइल ऑफ मॅनवर विजेच्या गाड्यांची पहिली शर्यत झाली. जिंकणाऱ्याचा सरासरी वेग ताशी सुमारे 141 किलोमीटर. दहा वर्षांत, 2019 मध्ये, मायकेल रटरने तो 196 वर नेला. पेट्रोलचा त्या वेळचा विक्रम 218 होता. आकडे जवळ आलेले दिसतात, पण त्यात एक मेख आहे : विजेच्या गाड्यांची शर्यत एकाच फेरीची होती, 60.7 किलोमीटरची. पेट्रोलच्या मुख्य शर्यतीत अशा सहा फेऱ्या असतात आणि मधे टाकी भरून घेता येते. पल्ल्याची सगळी कहाणी त्या एका फेरीत आली.

जिथे अंतर कमी, तिथे मात्र वीज सरस ठरली आहे. अमेरिकेतील पाइक्स पीक या डोंगराच्या चढाईच्या शर्यतीत 2013 साली कार्लिन डन विजेवरच्या लाइटनिंग मोटारसायकलवर वीस सेकंदांहून अधिक फरकाने दुचाकींत पहिला आला. वीसेक किलोमीटरचा घाट, माथा 4,302 मीटर उंच. वर हवा विरळ होत जाते तसे इंजिन धापा टाकू लागते. मोटरला हवेशी कर्तव्य नाही.

तीच हवा सपाट महामार्गावर सूड घेते. कारच्या मानाने दुचाकी लहान असली तरी स्वाराचे अंग, हात, आरसे सगळे वाऱ्यात असते, आणि वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. पेट्रोलचे इंजिन शहरात थांबत-रखडत इंधन वाया घालवते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर सहसा बरे अ‍ॅव्हरेज देते. विजेची गाडी उभी असताना जवळजवळ काहीच खात नाही, म्हणून तिचा आकडा शहरात फुगतो आणि महामार्गावर कोसळतो. हार्ले-डेव्हिडसनची 2019 ची लाइव्हवायर पाहा. 15.5 किलोवॉट-तासांची बॅटरी, शहरात 235 किलोमीटर, शहर-महामार्ग मिळून जेमतेम 153. ब्रेक लावताना वीज परत मिळवण्याची युक्तीही दुचाकीवर कारइतकी फळत नाही, कारण जोराचा ब्रेक लागतो पुढच्या चाकावर आणि मोटर असते मागच्या.

बरे, कारला बॅटरी पसरायला सबंध तळ मिळतो. मोटारसायकलला मिळते ती इंजिनाची जागा आणि फार तर टाकीची. डुकाटीने मोटोई या विजेच्या मोटारसायकलींच्या शर्यत-मालिकेसाठी 2023 मध्ये आणलेल्या गाडीचे वजन 225 किलो, त्यात एकट्या बॅटरीचे 110. साठा 18 किलोवॉट-तास. वरचाच हिशेब लावला तर हे आठेक लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे झाले. सत्तर किलोला एक लिटर इथून चौदा किलोला एक लिटर इथवर आपण आलो आहोत. थोडे नाही, पण लांबच्या प्रवासाच्या मोटारसायकलची टाकी पंधरा लिटरची असते. मोटोई मालिकाही 2025 च्या हंगामानंतर थांबवण्यात आली.

टाकी मोठी होत नसेल तर ती पटकन बदलावी, हा दुसरा मार्ग. तैवानच्या गोगोरोने 2015 मध्ये स्कूटरच बॅटरी-बदलाभोवती रचली. प्रत्येकी सुमारे 9 किलोच्या दोन बॅटऱ्या उपसायच्या, भरलेल्या बसवायच्या, निघायचे; पेट्रोल भरण्याहून कमी वेळ. अडचण अशी की बॅटरी कुणाच्याही गाडीत बसली पाहिजे. 2021 मध्ये होंडा, यामाहा, केटीएम आणि पिआजिओ यांनी त्यासाठी एकत्र येऊन समान मापाची बॅटरी ठरवायचे कबूल केले, तेही हलक्या, शहरी गाड्यांपुरते. मोठ्या मोटारसायकलची बॅटरी शंभर किलोची. ती रस्त्यात उतरवून बदलणे दोन माणसांनाही झेपायचे नाही. तिच्या स्वाराला फास्ट चार्जरपाशी तासभर थांबणे आले. लाइव्हवायरला पूर्ण भरायला तेवढाच वेळ लागतो, साध्या घरगुती प्लगवर मात्र अख्खी रात्र.