मशीन फास्ट झालं आणि म्हणे शून्याने भागाकार झाला

नवीन सर्व्हर आणला की सगळ्यांना वाटतं जुनी कामं तशीच चालणार, फक्त लवकर आटपणार. १९९७ मध्ये इंटेलचा पेंटियम टू प्रोसेसर आला तेव्हा टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेले कित्येक जुने प्रोग्रॅम सुरू होता होताच आडवे पडले, 'रनटाइम एरर २००, डिव्हिजन बाय झिरो'. कोडमध्ये कुठेही शून्याने भागलेलं नाही आणि पहिली ओळसुद्धा अजून चाललेली नाही!

भानगड सीआरटी नावाच्या युनिटमध्ये, म्हणजे पास्कलसोबत येणाऱ्या तयार कोडच्या गठ्ठ्यात होती. त्यात डिले नावाचं फंक्शन आहे, इतके मिलिसेकंद थांब म्हणून सांगायचं. त्यासाठी मशीन किती फास्ट आहे ते कळायला हवं, म्हणून हे युनिट सुरुवातीलाच एक रिकामा लूप (काहीच न करता पुन्हा पुन्हा फिरणारा कोड) फिरवतं. पीसीचा टायमर सेकंदाला साधारण १८.२ वेळा टिकटिकतो, म्हणजे एक टिक ५५ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात लूप किती फिरला ते मोजायचं, ५५ ने भागायचं, झाला एका मिलिसेकंदाचा हिशोब. आता गंमत बघा, हे उत्तर १६ बिटांत ठेवायचं आणि तिथे ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावतच नाही. म्हणजे एका टिकमध्ये लूप ३६ लाखांच्या वर गेला की संपलं, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशिनं तिथे आरामात पोचायची. भागाकाराचं उत्तर मावलं नाही तर इंटेलचा प्रोसेसर जो इंटरप्ट (काम थांबवून दिलेला इशारा) देतो तोच शून्याने भागल्यावरही देतो, शून्य नंबरचा, त्यामुळे बिचाऱ्या पास्कलला दोन्हीतला फरक कळणार कसा, त्याने ठोकून दिलं डिव्हिजन बाय झिरो.

(मशीन लाभलं नाही म्हणून लिंबू-मिरची टांगणाऱ्यांना आणि 'हार्डवेअर टाका, सगळं सुटेल' म्हणणाऱ्या सेल्सवाल्यांना एकाच बाकावर बसवा.)

खरा घोळ रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे एकामागून एक आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. प्रोग्रॅम बंद पडताना एररलेव्हल (काम कसं संपलं ते सांगणारा आकडा) २०० देऊन जातो, पण बॅच फाईलमध्ये तो तपासलाच नसेल तर डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम निवांत पुढच्या ओळीवर जातं, आणि पुढचा प्रोग्रॅम कालचीच फाईल उचलून आजचा रिपोर्ट छापतो. सकाळी आकडे व्यवस्थित दिसतात, फक्त कालचे असतात.

तयार ईएक्सई (चालवायची प्रोग्रॅम फाईल) दुरुस्त करणारे पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, नंतर आले. आपल्याकडच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घराघरात असलेल्या फॉक्सप्रो २.६ या डेटाबेस प्रोग्रॅमलाही फास्ट मशीनवर असाच शून्याचा एरर यायचा, त्यालाही पॅच लावावा लागला.

आजच्या स्क्रिप्टमध्ये रिकामे लूप नसतात, स्लीप ५ असतं, म्हणजे पाच सेकंद थांब, तेवढ्यात आधीची फाईल तयार होईल या भरवशावर. सर्व्हर बदलायच्या आधी ते शोधा, आणि तिथे फाईल खरंच आली का ते तपासणारी ओळ टाका.