त्या देशात आपला दूतावासच नसेल तर? संरक्षक देशाकडे अर्ज करण्याआधी

दोन देशांनी संबंध तोडले की राजदूत सामान बांधून निघून जातात. नागरिक मागे राहतात. कुणाचा पासपोर्ट संपत आलेला असतो, कुणाचं बाळ नुकतंच जन्मलेलं असतं, तर कुणी तुरुंगात असतं. त्यांचं काम मग दोन्ही बाजूंना चालणारा तिसरा देश पाहतो. त्याला संरक्षक देश म्हणतात, आणि ज्या कक्षातून हे काम चालतं तो हितसंबंध विभाग.

याचा आधार राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ४५. आपली इमारत, कागदपत्रं आणि नागरिकांची काळजी तिसऱ्या देशाकडे सोपवता येते, पण तो देश यजमान देशाला, म्हणजे जिथे हे नागरिक राहिलेत त्या देशाला, मान्य असावा लागतो. तटस्थ असणं ही कायद्यातली अट नाही, सोय आहे. तेहरानमध्ये १९८० पासून अमेरिकेची जबाबदारी स्वित्झर्लंडकडे आली, तर वॉशिंग्टनमध्ये इराणचा विभाग पाकिस्तानच्या दूतावासाच्या छत्राखाली असतो. आपल्याकडचं उदाहरण १९७१ चं: युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान दोघांचंही काम स्वित्झर्लंडने पाहिलं, १९७६ मध्ये संबंध पूर्ववत होईपर्यंत.

खिडकीपलीकडे कोण बसलंय, हे आधी विचारून घ्या. क्युबाची राजधानी हवानामध्ये १९७७ पासून अमेरिकेच्या विभागात अमेरिकी अधिकारीच बसत, नावापुरता स्वित्झर्लंडचा आसरा होता. तेहरानमध्ये मात्र अमेरिकी अधिकारी नसतात, काम स्विस दूतावास करतो. अशा ठिकाणी अर्ज स्वीकारला जातो, कागद तपासले जातात, पण निर्णय तुमच्याच देशाचा. त्यामुळे वेळ जास्त लागतो. पासपोर्टची मुदत संपायची वाट पाहू नका, बरेच महिने हाताशी ठेवून अर्ज करा.

पात्रता एका वाक्यात सांगायची तर ज्याची जबाबदारी सोपवली आहे, त्या देशाचं नागरिकत्व हवं. खरी अडचण दुहेरी नागरिकत्वाची. यजमान देश तुम्हाला स्वतःचाच नागरिक मानत असेल, तर संरक्षक देशाचे हात जवळपास बांधलेले असतात. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे इराणी-अमेरिकी माणूस अटकेत गेला, तर स्विस अधिकाऱ्यांना त्याला भेटू देणं आपल्यावर बंधनकारक आहे, असं तिथलं सरकार धरत नाही. माझ्या मते अर्जापेक्षाही ही गोष्ट प्रवासाला निघण्याआधी समजून घ्यायची आहे.

कागदपत्रं नेहमीचीच, फक्त चूक महाग पडते, कारण फाइल दोन सरकारांतून फिरते. जुना पासपोर्ट (मुदत संपलेला असला तरी), नागरिकत्वाचा किंवा जन्माचा दाखला, फोटो, शुल्क आणि फॉर्म लागतो. फॉर्म तुमच्या देशाचा असतो, संरक्षक देशाचा नव्हे. फोटोचं मापही तुमच्याच देशाच्या नियमाप्रमाणे. अमेरिकी अर्जाला दोन बाय दोन इंचांचा फोटो चालतो, युरोपी मापाचा परत येतो. पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसांकडची नोंद जवळ असू द्या. लहान मुलाच्या अर्जावर सहसा दोन्ही पालकांची संमती मागतात. एक पालक दुसऱ्या देशात असेल, तर ते संमतिपत्र नोटरी करून आधीच मागवा, अर्ज सर्वांत जास्त इथेच अडकतात.

व्हिसाची आशा धरून जाऊ नका. तेहरानच्या स्विस विभागात अमेरिकी व्हिसा मिळत नाही; इराणी अर्जदारांना त्यासाठी अंकारा, येरेव्हान किंवा दुबई गाठावी लागत आली आहे. दोन सरकारांमधले निरोप पोचवणं हे या दूतावासाचं दुसरं काम, पण त्या टपालात तुमचं खासगी प्रकरण घुसवता येत नाही.

अटक झालीच, तर १९६३ च्या वाणिज्य दूतावासविषयक व्हिएन्ना कराराचं कलम ३६ लक्षात ठेवा. अटकेची बातमी तुमच्या दूतावासाला कळवली जावी, ही मागणी तुम्हीच करायची असते. आपला दूतावास इथे नाही म्हणून गप्प बसू नका. संरक्षक देशाचं नाव घेऊन त्याच्या दूतावासाला कळवा, असं स्पष्ट सांगा. घरच्यांनी मात्र परक्या दूतावासाला फोन करत बसण्याऐवजी आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयात नोंद करावी. संरक्षक देशाला काम सांगायचा अधिकार त्याच मंत्रालयाला असतो.