घरभर मांजरं आणि मांजरांचा साठा

‘अ‍ॅनिमल होर्डिंग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी रस्त्यावरचा भलामोठा फलक येतो. इथे अर्थ वेगळा आहे: प्राणी साठवणं. त्याची गल्लत मात्र कायम प्राणिप्रेमाशी होते. दोन्ही घरांत बारा-पंधरा मांजरं असू शकतात, दोन्हीकडची माणसं ‘ही माझी लेकरं’ असंच म्हणतात आणि शेजारीपाजारी दोघांनाही सारखीच नावं ठेवतात.

डोकी मोजून फरक कळत नाही. अमेरिकेतले पशुवैद्य गॅरी पॅट्रोनेक यांनी १९९९ मध्ये या प्रकाराची व्याख्या मांडली. तिच्यात प्राणी ‘मोठ्या संख्येने’ असल्याचा उल्लेख आहे, पण आकडा नाही. भर आहे तो पुढच्या गोष्टींवर: खाणंपिणं, स्वच्छता, औषधपाणी यांची किमान सोयही नाही, आणि प्राण्यांची, घराची, स्वतःची दशा होत चाललेली असताना त्यावर काहीच केलं जात नाही. पंधरा मांजरांचं लसीकरण, नसबंदी, जंताचं औषध वेळेवर करणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. सात मांजरांत बुडालेला बसू शकतो.

रोगांचंच घ्या. मांजरांमुळे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होते म्हणून गरोदर बाईच्या घरातलं मांजर हाकलायला निघणारे बरेच भेटतात. पण या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधक नसतात. तशी व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराचा ट्रे रोजच्या रोज साफ होत असेल तर धोका बराचसा तिथेच संपतो (ते काम गरोदर बाईने मात्र करू नये). पोटातल्या गोल जंतांच्या अंड्यांना तर काही आठवडे लागतात. साठवणाऱ्याच्या घरात विष्ठा सोफ्यामागे, गादीखाली, कपाटावर आठवडेच्या आठवडे पडून असते, त्यामुळे अंड्यांना हवा तेवढा वेळ मिळतो. मांजर तेच, परजीवी तोच. बाकी गजकर्ण, पिसवा, पिसवांमधून फिरणारे जंतू, पक्षी असतील तर त्यांच्या वाळक्या विष्ठेच्या धुळीतून होणारा न्यूमोनियासारखा आजार, अशी यादी लांबते.

खरा घात हवेत असतो. ताज्या लघवीत अमोनिया फारसा नसतो. लघवीतल्या युरियाचे जंतू तुकडे करतात तेव्हा तो तयार होतो. म्हणून पुसलेल्या लघवीचा त्रास होत नाही, मुरलेल्या लघवीचा होतो. कामाच्या ठिकाणी दिवसभराच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग, ही अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेने सुचवलेली मर्यादा. ३०० भागांना जिवाला तातडीचा धोका. कामावरचा माणूस संध्याकाळी घरी जातो. इथे घरच तसं, आणि झोपायचंही तिथेच. डोळे चुरचुरतात, घसा बसलेला राहतो, दमा असेल तर बळावतो. लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे यांना तर उठून बाहेर जाण्याचीही सोय नसते.

पाहुण्याच्या डोळ्यांतून उंबरठ्यावरच पाणी येतं आणि आतून आवाज येतो, ‘वास? कसला वास?’ ती व्यक्ती खोटं बोलत नसते. सततच्या वासाला नाक सरावतं आणि मेंदूपर्यंत तक्रारच जात नाही. मला वाटतं, या आजाराचं मर्म इथेच आहे, कारण जे नाकाचं होतं तेच नजरेचंही होतं. बरगड्या निघालेलं पिल्लू ‘जरा नाजूक आहे’ असं वाटू लागतं.

आता सांभाळणारा आणि साठवणारा या दोन माणसांमधली भिंत किती पक्की? फारशी नाही. मांजरी चार-सहा महिन्यांत वयात येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एक नसबंदी राहून गेली, त्यात घरातलं कुणी दगावलं किंवा पैसा आटला, की सांभाळणारा हळूहळू साठवणारा होतो. साठवणाऱ्यांचा हा पहिला प्रकार; असा माणूस निदान मान्य तरी करतो की हाताबाहेर गेलं. दुसरा प्रकार अवघड: ‘माझ्याशिवाय यांना कोणी नाही’ म्हणणारा. त्याला एकच प्रश्न विचारून पाहावा, शेवटचं मांजर दुसऱ्याला दत्तक कधी दिलं? खऱ्या बचावाच्या घरात प्राणी येतातही आणि जातातही. इथे फक्त येतात. तिसरा प्रकार प्राण्यांचं काहीच सोयरसुतक नसलेल्यांचा, पण त्यांना कुणी प्राणिप्रेमी समजण्याची चूक फार काळ करत नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये साठवण्याच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिलं आणि प्राणी साठवणं हे त्याचंच एक विशेष रूप असू शकतं असं नोंदवलं. तरी प्रत्यक्षात बहुतेकदा होतं ते एवढंच: तक्रार, धाड, प्राणी जप्त. माणूस तसाच मागे राहतो आणि घर पुन्हा भरू लागतं. त्यापेक्षा नसबंदी केलेले एक-दोन प्राणी त्याच्याकडे ठेवून ठरावीक दिवसांनी कुणी जाऊन येणं बरं. त्या भेटीत प्राणी तर मोजायचेच, पण खोकला कसा आहे, जेवला का, बीपीची गोळी घेतली का, हेही विचारायचं.