पानं हिरवीगार, रोप मात्र कच्चं

वळीव झाला की कोल्हापुरातल्या रोपवाटिकांत गर्दी होते आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मामा, हिरवंगार बघून द्या." जांभूळ असो, करंज असो वा बहावा, रुंद, गडद पानांचं रोप आधी उचललं जातं. ही निवडच बऱ्याचदा फसवते.

रोपवाटिकेत रोपं शेडनेटखाली, म्हणजे सावलीच्या जाळीखाली वाढतात. तिथं प्रकाश कमी, म्हणून रोप आहे तेवढ्याच ऐवजात पान जास्तीत जास्त पसरवतं. त्याच गोळ्याची पोळी पातळ लाटली की मोठी होते, तसंच हे. उन्हात वाढलेल्या पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. वरच्या त्वचेखाली हरितकणांनी गच्च भरलेल्या, खांबासारख्या उभ्या पेशींचे अनेकदा दोन थर दिसतात. सावलीतल्या पानात हा थर सहसा एकेरी नि आखूड असतो.

हा फरक मोजता येतो. पानाचं क्षेत्रफळ भागिले त्याचं कोरडं वजन, म्हणजे विशिष्ट पर्णक्षेत्र. समजा, १ ग्रॅम कोरडी पानं एका रोपात ३०० चौ. सें.मी. भरली आणि त्याच जातीच्या दुसऱ्या रोपात १५०, तर दुसऱ्यानं तेवढ्याच जागेवर दुप्पट ऐवज घातलाय. तुलना एकाच जातीत आणि एकाच वयाच्या पानांत करायची.

मृगाचा पाऊस पडतो, रोप माळावर लागतं आणि मग उघडीप पडते. पातळ पान शोषलेला सगळा प्रकाश वापरू शकत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं तयार होतात, ती हरितद्रव्याचीच मोडतोड करतात. पान पांढुरकं पडून करपतं. लोक म्हणतात, दृष्ट लागली, आणि लिंबू-मिरची बांधतात. दृष्ट कसली, ऊन सोसायची तयारीच झालेली नव्हती! पूर्ण वाढलेलं पान पुढं फारसं जाड होत नाही. रोपाला नवी पानंच काढावी लागतात आणि त्यासाठी मुळं दमदार हवीत.

रंगही नीट वाचा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे, रोप ते काढून शेंड्याकडे पाठवतं. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडल्याचा संशय घ्या. आंब्याची तांबूस पालवी मात्र आजार नव्हे.

रोप घेताना विचारा, उन्हात किती दिवस होतं? नेटखालचंच असेल तर दोन-तीन आठवडे ऊन थोडं थोडं वाढवा. उन्हात फुटलेलं पान पूर्ण वाढलं की जुन्या पानाशेजारी धरून चिमटीत दाबून पाहा. नवं जाड लागलं, की खड्डा खणायला घ्या.