उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते

‘शेणखतात हुमणी असते, ते शेतात टाकलं की ऊस बसलाच’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. खताच्या खड्ड्यात तशीच जाड, पांढरी, वाकडी अळी दिसते, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे.

पण जुन्या शेणखतात सापडणारी अळी बहुधा गेंडा भुंग्याची किंवा फुलभुंग्याची असते. ती कुजलेला पालापाचोळा, शेण खाते, जिवंत मुळं नव्हे. हुमणीचं वेगळं आहे. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब, बाभळीचा पाला खातात आणि मादी अंडी मातीत घालते. अळी मोठी झाली की ऊस-भुईमुगाची मुळं कुरतडते.

ओळखायचं कसं? अळी सपाट जागेवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरपटली तर ती फुलभुंग्याची. नाहीतर भिंगातून शेपटाकडचं टोक पाहा: गुदद्वाराची चीर आडवी असेल तर गेंडा भुंगा, इंग्रजी ‘वाय’ किंवा ‘व्ही’सारखी असेल तर हुमणी. पूर्ण वाढलेली गेंडा भुंग्याची अळी हुमणीपेक्षा बरीच मोठीही असते.

समजात थोडं तथ्य आहे. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर अळ्या-अंडी शेतात जाऊ शकतात, म्हणून खत पूर्ण कुजवूनच टाकावं. आणि कोकणातल्या माडवाल्यांनी खड्ड्यातल्या गेंडा भुंग्याच्या अळ्या जरूर वेचून माराव्यात. त्याचा भुंगा माडाचा कोंब पोखरतो, मग उमललेली झावळी कात्रीने कापल्यासारखी दिसते.