ईमेलचं डेटा मायनिंग: सगळं येऊन थांबतं २००३ च्या एका निर्णयापाशी

ईमेलच्या ढिगाऱ्यातून उपयोगी माहिती खणून काढणं म्हणजे ईमेलचं डेटा मायनिंग; त्याचा इतिहास स्पॅम फिल्टरपासून सुरू करायची पद्धत आहे. शब्दांवरून ईमेल नकोसा आहे का हे ताडणारे बेझियन फिल्टर १९९८ पर्यंत आले होते खरे, पण ते एकेका ईमेलचा निवाडा करत. कंपनीत कोणाचं कोणाशी सूत आहे, गडबडीची कुणकुण आधी कोणाला लागली, हे शोधायचं तर अख्ख्या कंपनीचा पत्रव्यवहार हवा. तो आपणहून कोण देणार?

तो मिळाला २००३ मध्ये. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वीजटंचाईत झालेल्या हेराफेरीची चौकशी करणाऱ्या नियामक संस्थेने एन्रॉन या घोटाळ्यात बुडालेल्या ऊर्जा कंपनीचा ईमेल साठा सरळ इंटरनेटवर खुला केला. चौकशी कशाच्या आधारावर झाली ते लोकांना पाहता यावं, हे कारण तोंडदेखलं नव्हतं. पण वीजसौद्यांच्या शेजारीच सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतले व्यक्तिगत ओळख क्रमांक) होते आणि घरगुती कटकटीही. त्याही अशा कर्मचाऱ्यांच्या, ज्यांचा घोटाळ्याशी सुतराम संबंध नव्हता. त्यांना कोणी विचारलं नाही. तक्रारींनंतर काही ईमेल काढले गेले, पण उघड्यावर आलेल्या गोष्टीच्या प्रती कोण परत गोळा करणार? ही चाळणी आधी लावणं अवघड असेल, अशक्य नव्हतं.

पुढे संशोधकांनी साठा दुरुस्त केला, जोडलेल्या फाइली काढल्या आणि २००४ मध्ये तो अभ्यासासाठी उपलब्ध झाला: दीडशेच्या आसपास माणसं, बहुतेक वरिष्ठ, आणि सुमारे ५ लाख ईमेल. हा आकडा फसवा आहे. ‘ऑल डॉक्युमेंट्स’, ‘डिस्कशन थ्रेड्स’ असे फोल्डर संगणकानेच तयार केले होते, त्यामुळे एकच ईमेल दोन-तीन ठिकाणी दिसे. अशी पुनरावृत्ती गाळणाऱ्या एका अभ्यासात जेमतेम २ लाख उरले. न गाळता संपर्कजाळं काढलं, तर मितभाषी माणूसही बडबड्या ठरायचा. वर्गीकरणाच्या पद्धती पुढे कित्येक वर्षं याच साठ्यावर पारखल्या गेल्या. नोकरदार माणसं कसं लिहितात हे यंत्रं शिकली ती ह्यूस्टनच्या एका बुडालेल्या कंपनीच्या साहेबांकडून.

नंतरची पावलं झपाट्याने पडली. २००६ मध्ये अमेरिकी दिवाणी खटल्यांच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांना स्वतंत्र जागा मिळाली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने खटल्यातले ईमेल यंत्राकडून चाळून घ्यायला मान्यता दिली. २०१७ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, कर्मचाऱ्याचे संदेश मालकाने पाहिल्याच्या प्रकरणात, आधीचा निकाल फिरवून कर्मचाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पाळत कशी आणि किती असेल याची पूर्वसूचना त्याला मिळाली होती का, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

तोवर धंद्याची बोलणी खासगी फोनवरच्या चॅटमध्ये सरकली होती. असे संदेश जपून न ठेवल्याबद्दल २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या १६ संस्थांना एकूण ११० कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. कंपनीच्या साठ्यात ते संदेश मुळात आलेच नव्हते, त्यामुळे तिथे कितीही खणलं तरी ते हाती लागणार नव्हते.