वणव्यांचे मानचित्रण व संनियंत्रण (भारत)

वनक्षेत्रात लागलेल्या आगींची ठिकाणे वेळेवर ओळखणे, ती नकाशावर मांडणे, संबंधित वन कर्मचाऱ्यांना सूचना देणे आणि पुढे जळालेल्या क्षेत्राची मोजणी करणे या कामांची देशव्यापी व्यवस्था. भारतात ही जबाबदारी मुख्यतः डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेकडे आहे. उपग्रहीय माहितीसाठी तिला हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे साहाय्य मिळते. हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते जून असा धरतात.

संघटित वणवा नियंत्रणाचा आरंभ मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात, १८६० च्या दशकाच्या मध्यास, ब्रिटिश वनाधिकारी कर्नल पिअर्सन यांच्या प्रयत्नांतून झाला असे सामान्यतः मानतात. मात्र तो आरंभ जाळरेषांचा (आग पसरू नये म्हणून आधीच जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचा) व पहाऱ्याचा होता, नकाशांचा नव्हे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा असल्याने वणव्याची नोंद बहुधा गुन्ह्याच्या अंगानेच होत राहिली. जुन्या नोंदींत लहान आगी कमी दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावे. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने १९८४ मध्ये चंद्रपूर व हल्द्वानी येथे आधुनिक वणवा नियंत्रणाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. उपग्रहावरून मिळणाऱ्या सूचना राज्यांना कळविण्याचे काम २००४ पासून सुरू आहे.

आग ओळखण्याचे तत्त्व उष्णता-प्रारणाच्या नियमावर आधारलेले आहे. सामान्य जमिनीचे तापमान सुमारे ३०० केल्विन असते व तिचे प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. १,००० केल्विनच्या ज्वाळांचे प्रारण मात्र ३ मायक्रोमीटरजवळ शिगेला पोहोचते. म्हणून ४ मायक्रोमीटरच्या तरंगलांबी-पट्ट्यात चित्रघटकाचा (उपग्रहचित्रातील सर्वांत लहान चौकोनाचा, म्हणजे पिक्सेलचा) अगदी लहान भाग जळत असला तरी तो संपूर्ण घटक उजळ दिसतो. टेरा व ॲक्वा उपग्रहांवरील मोडिस संवेदकाचा घटक सुमारे १ किमी बाजूचा आहे, तरीही १,००० चौ. मी. इतकी ज्वलंत आग त्यात सहसा सापडते. दिवसा तापलेला खडक किंवा पाण्यावरून परावर्तित झालेले ऊनही असाच आभास निर्माण करते. त्यामुळे प्रत्येक संशयित घटकाची शेजारच्या घटकांशी तुलना करून मगच तो आग म्हणून धरतात. उपग्रहाला एका फेरीत दिसणाऱ्या भूपट्ट्याच्या कडेला मोडिसचा हाच घटक सुमारे ४.८ × २ किमी इतका ताणला जातो, म्हणजे घटकाच्या मध्यावर नकाशात मांडलेला बिंदू आणि प्रत्यक्ष जाळ यांत बरेच अंतर पडू शकते. सुओमी एनपीपी उपग्रहावरील व्हिअर्स संवेदकाचा घटक ३७५ मी.चा असून कडेलाही तो फारसा ताणला जात नाही.

वृत्तपत्रांत ज्यांना ‘वणव्यांची संख्या’ म्हणतात ती वस्तुतः अशा बिंदूंची संख्या असते. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एकाच हंगामात मोडिसने ५२,७८५, तर व्हिअर्सने ३,४५,९८९ बिंदू नोंदविले. जंगल तेच, हंगामही तोच, फरक संवेदकाचा. एकच वणवा अनेक घटकांत व उपग्रहाच्या अनेक फेऱ्यांत मोजला जातो, उलट दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेला मुळीच मोजला जात नाही. दोन वर्षांची तुलना करताना संवेदक एकच आहे ना, हे आधी पाहणे अत्यावश्यक आहे. अनेक लेखनांत तेवढेही पाहिलेले नसते.

बिंदू मिळाल्यावर तो वनसीमा व बीटच्या (एका वनरक्षकाकडे सोपविलेल्या वनभागाच्या) नकाशावर बसवून लघुसंदेश व ई-मेलने कळवितात. वनरक्षक तेथे पोहोचतो तेव्हा कधी वणवा, कधी वनविभागानेच जाळलेली जाळरेषा, तर ईशान्येकडे झूम (जंगल जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या) शेतीसाठी पेटवलेला उतार आढळतो. संवेदकाच्या दृष्टीने ही तिन्ही सारखीच. जागेवरून परत कळविलेल्या खातरजमेवाचून त्यांतील भेद कळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सूचना-यंत्रणेची सुधारित आवृत्ती आली आणि मोठ्या वणव्यांचा ते विझेपर्यंत माग ठेवण्याचे काम सुरू झाले.

जळालेले क्षेत्र मोजणे अधिक कठीण आहे. जळाल्यावर जवळच्या अवरक्त पट्ट्यातील परावर्तन घटते, लघुतरंग अवरक्तातील वाढते. आगीपूर्वीच्या व नंतरच्या चित्रांतील हा फरक मोजतात. भारतात बहुतेक वणवे जमिनीवरचा पाला जाळणारे असतात. सागवानात फेब्रुवारी-मार्चमध्ये छत्र (झाडांच्या शेंड्यांचे आच्छादन) आधीच निष्पर्ण झालेले असते, जळीत जमिनीवर नवा पाला पडतो, वारा राख उडवितो, आणि डोंगराची सावली जळिताशी सहज गल्लत करते. उत्तराखंडातील चीड वनांत, पिरूल (सुकलेल्या सुया) जळून गेला तरी वरचे छत्र हिरवेच राहिले, तर जळीत वरून दिसणेच अवघड.

वणवाप्रवण क्षेत्रे ठरविण्यासाठी २००४ ते २०१७ मधील मोडिसचे बिंदू ५ × ५ किमी चौकटींत मोजण्यात आले. त्यानुसार देशातील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादन वारंवार वणवे लागणारे, तर सुमारे ४ टक्के अत्यंत प्रवण ठरले. ही वर्गवारी घटनांच्या वारंवारतेची आहे, हानीच्या तीव्रतेची नव्हे. माळ व डोंगरउतारांवरचे झपाट्याने जळून जाणारे गवती वणवे तीत कमी उतरले असण्याची शक्यता आहे.